मोर्चा परतल्यावर त्या घरात काय उरते?

अत्याचाराची बातमी आली की पुढे काय काय घडते, हे आपल्याला आता पाठ झाले आहे. पोलीस ठाण्यासमोर लोक जमतात. गुन्हा नोंदवून घ्यायलाच दोन दिवस भांडावे लागते. मागण्या मान्य झाल्याशिवाय मृतदेह ताब्यात घेणार नाही, असे जाहीर होते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, पुढारी भेटीला येतात, सत्यशोधन समिती अहवाल काढते. हे सगळे आवश्यकच आहे. ते झाले नसते तर कितीतरी प्रकरणे ठाण्याच्या दारातच मिटवली गेली असती. परंतु तीन-चार आठवड्यांनी मोर्चेकरी आपापल्या गावी परततात आणि त्या घरात एक आई, एक बाप, एखादी विधवा, एखादा भाऊ आणि दोन लहान मुले उरतात. खटला पुढे कित्येक वर्षे चालणार असतो आणि त्याचे ओझे याच माणसांनी वाहायचे असते. त्या वर्षांत त्यांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न आम्हाला चळवळीपुढे ठेवायचा आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या माणसासाठी लढणाऱ्याच्या मनावर जे घाव होतात ती त्या कुटुंबाची खासगी बाब नाही. पहिला घाव जातीव्यवस्था घालते. त्यानंतर पोलीस, सरकार आणि न्यायालयातला विलंब त्यात भर घालतात. आणि कडू असले तरी सांगितले पाहिजे, की चळवळीत रूढ झालेल्या काही रीतीही त्यात भर घालतात. म्हणून या माणसांच्या मनाची काळजी घेणे ही दया नाही, ते लढ्याचेच काम आहे. त्यांना नेटाने उभे राहता आले तरच खटला उभा राहतो.

घाव एकदाच होत नाही

खैरलांजीपासूनच सुरुवात करू. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या या गावात सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. सुरेखाबाईंनी काय केले होते? नात्यातल्या सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली, तेव्हा त्यांनी साक्ष दिली होती आणि मारेकऱ्यांना ओळखले होते. म्हणजे त्यासुद्धा आपल्या माणसासाठीच उभ्या राहिल्या होत्या. जामिनावर सुटलेल्यांनी त्याच दिवशी त्यांच्या घरावर हल्ला केला.

मागे उरले भैय्यालाल भोतमांगे. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. या वाक्याचा अर्थ भैय्यालाल यांच्या बाजूने समजून घ्या. पत्नी गेली, मुलगी गेली, दोन्ही मुले गेली, आणि हे जातीमुळे घडलेच नाही, असे त्यांना निकालातून ऐकावे लागले. गाव सोडून ते भंडाऱ्यात राहिले, वसतिगृहात शिपायाची नोकरी केली आणि सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीची वाट पाहिली. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. दहा वर्षांहून अधिक काळ ते वाट पाहत होते.

प्रमाणपत्रावर हृदयविकार लिहिले जाते. त्या दहा वर्षांचे कारण लिहायला कोणत्याही प्रमाणपत्रात रकाना नसतो.

अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या मुलाची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. ‘फितूर’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पुढे जातो. पण नितीनच्या आईवडिलांसाठी ते साक्षीदार म्हणजे ओळखीची, त्याच गावातली, मुलाला रोज पाहणारी माणसे होती. मुलगा गेल्याचे दुःख एक. ज्यांनी पाहिले त्यांनी ‘पाहिले नाही’ असे सांगणे, हे दुसरे. पहिले दुःख माणूस कसेबसे सोसतो. दुसऱ्याने त्याचा माणसांवरचा विश्वासच उडतो.

सामाजिक कामाच्या निमित्ताने अशा घरांमध्ये जाणे होते, तेव्हा हे घाव कसे साचत जातात ते दिसते. घडलेली घटना आधी ठाणे अंमलदाराला सांगायची. मग तपास करणाऱ्या उपअधीक्षकाला, मग दंडाधिकाऱ्यासमोर, मग पत्रकाराला, मग आयोगाच्या सदस्याला, मग प्रत्येक भेटीला येणाऱ्याला. आणि काही वर्षांनी उलटतपासणीत तीच घटना अशा वकिलासमोर सांगायची, ज्याचे कामच ती खोटी ठरवण्याचे असते. मुलाच्या अंगावर कोणत्या रंगाचा सदरा होता, हे आईला नीट आठवले नाही की तिची साक्ष ‘विसंगत’ ठरते. दरम्यान आरोपी जामिनावर सुटून गावातच फिरत असतो. पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर तो समोर येतो. घरातल्या कर्त्या मुलावर चोरीचा किंवा दरोड्याचा उलट गुन्हा दाखल होतो. नातेवाईकच ‘आता मिटवून टाका’ म्हणू लागतात. झोप उडते, रक्तदाब वाढतो, मजुरी बुडते. शाळेतल्या मुलाचे लक्ष लागत नाही आणि ते कोणाला कळतही नाही, कारण घरातले सगळे गेलेल्या मुलाच्या खटल्यात गुंतलेले असतात.

आईलाच आरोपी करण्याची पद्धत

सरकार आणि संस्था आणखी एक गोष्ट करतात. लढणाऱ्यालाच चौकशीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाचा संस्थात्मक बळी गेला. त्याची आई राधिका वेमुला. शिवणकाम करून तिने एकटीने मुले वाढवली. रोहितच्या मृत्यूची कारणे शोधण्यासाठी नेमलेला रूपनवाल आयोग राधिकाताईंच्या जातीपर्यंत गेला आणि त्या अनुसूचित जातीच्या नाहीत, असे म्हणून मोकळा झाला. मे २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांच्या प्रकरण बंद करण्याच्या अहवालातही तोच सूर निघाला. त्यावर संताप उसळला तेव्हा पुन्हा तपास करण्याचे सांगितले गेले. मुलगा गमावलेल्या आईला आठ वर्षे आपला जन्म, आपले लग्न, आपली जात हे सगळे चव्हाट्यावर सिद्ध करत बसावे लागले. मुलासाठी रडायला तिला वेळ कधी मिळाला असेल?

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी धरपकड केली. त्यात पकडलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला, तरी सरकारने विधिमंडळात आजाराचे कारण पुढे केले. पोटच्या मुलाला कोणता आजार होता हे सरकारने सभागृहात सांगायचे आणि आईने ते दारोदार खोडून काढत फिरायचे! विजयाबाई सूर्यवंशी यांनी सरकारचे दहा लाख रुपये नाकारले आणि त्या न्यायालयात गेल्या. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथेही ते हरले. मुलगा कोठडीत गेल्यावर केवळ गुन्हा नोंदवला जावा, एवढ्यासाठी एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. हा विजय आहेच. पण तो मिळवताना खर्च झालेल्या सात-आठ महिन्यांतल्या रात्री कोणी मोजल्या?

समाजशास्त्रात या अवस्थेला नाव आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये ‘मान्यता नाकारलेला शोक’ ही कल्पना मांडली. काही दुःखे अशी असतात की ती समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. मग त्या माणसाला रडण्याची जागा मिळत नाही, सांत्वन मिळत नाही आणि दुःख आतच कुजत राहते. डोकाच्या मांडणीत प्रामुख्याने समाजाच्या नजरेत न बसणारी नाती आहेत. आपल्याकडे ही नाकारणी जातीतून येते. सवर्ण घरातल्या मृत्यूवर सगळे गाव हळहळते. आपल्या घरातल्या खुनावर गाव दारे लावून घेते, आणि वर विचारते, ‘पैसे मिळाले ना?’

या ‘पैसे मिळाले ना’ने किती माणसे आतून मोडतात, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यावे. ॲट्रॉसिटी नियमांनुसार खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाख रुपयांची मदत ठरलेली आहे. निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर देय असते. ते बक्षीस नाही आणि उपकारही नाही. ज्या राज्याला आपल्या नागरिकाचे रक्षण करता आले नाही, त्याच्यावर कायद्याने टाकलेली ती जबाबदारी आहे. पण त्या पैशातून बापाने घरावर नवे पत्रे टाकले तरी लोक बोट दाखवतात. दुर्दैवाने आपल्याही वस्तीत असे बोलणारे असतात.

चळवळीतल्या रीतींबद्दल

आता आपल्या घरातला विषय. लढणाऱ्या आईला स्टेजवर आणायचे, ‘रणरागिणी’ म्हणायचे, तिच्या हातात माईक द्यायचा आणि ती रडू लागली की घोषणा वाढवायच्या, ही रीत पडली आहे. एकाच महिन्यात चार जिल्ह्यांतल्या चार सभा. प्रत्येक सभेत तीच कहाणी पहिल्यापासून. स्मृतिदिनाला तिच्या लेकाचा फोटो बॅनरवर, त्याच्या शेजारी दहा स्थानिक पुढाऱ्यांचे फोटो, आणि तिला विचारलेले नाही. गटागटांत ओढाताण अशी की ती एका गटाच्या सभेला गेली तर दुसरा गट फोन बंद करतो. ती थकली आणि ‘यावेळी येत नाही’ म्हणाली तर कुजबुज सुरू होते, की फोडली वाटते.

यामागे कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. बहुतेक कार्यकर्ते पदरमोड करून, रजा टाकून धावत असतात. परंतु हेतू चांगला असला म्हणून परिणाम चांगला होतोच असे नाही. आपण त्या आईला प्रतीक करतो आणि प्रतीकाला थकण्याची परवानगी नसते. प्रतीकाला ताप येत नाही, त्याला कधी कधी सगळे सोडून माहेरी जाऊन पडावेसे वाटत नाही. माणसाला वाटते.

‘रडू नका, लढा’ ही घोषणा आपण सर्रास देतो. आमचे म्हणणे आहे की ती घोषणा चुकीची आहे. रडणे आणि लढणे यांत विरोध नाही. ज्याला रडू दिले जात नाही तो फार काळ लढू शकत नाही. रमाबाई नगरमध्ये ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले. ज्या आवाजाने हजारोंना उभे केले त्या माणसाच्या आत काय चालले होते, हे त्या चार दिवसांत कोणाला दिसले नसेल. एका माणसाच्या जाण्याला एकच कारण असते असे आम्ही म्हणत नाही. पण लढणारा, गाणारा, भाषण करणारा माणूस आतून सुखरूपच असेल, हे गृहीत धरणे किती धोक्याचे असते, हे यातून शिकले पाहिजे.

बाबासाहेबांनी दुःख लपवले नाही

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी वैयक्तिक दुःख बाजूला ठेवले म्हणून एवढे कार्य झाले. इतिहास नीट पाहा. बाबासाहेब आणि रमाईंनी चार अपत्ये गमावली. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्या पत्रात धीराचे उसने शब्द नाहीत. पुत्रशोकाने कोसळलेला एक बाप आपल्या मित्राला सगळे उघडपणे सांगतो आहे. त्यानंतर सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, तोच बाप महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता.

त्या पत्रामुळे महाड घडले, असा बादरायण संबंध आम्हाला जोडायचा नाही. एवढेच दाखवायचे आहे की बाबासाहेबांना दुःख बोलून दाखवण्यात कमीपणा वाटला नाही, आणि ज्याला ते सांगावे असा मित्र त्यांच्याजवळ होता. आज खटला लढणाऱ्या आपल्या कितीजणांजवळ असा एक दत्तोबा पवार आहे?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी किसा गोतमीच्या सांत्वनाची कथा घेतली आहे, आणि तीही तथागतांच्या करुणेच्या भागात. मेलेले बाळ कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या गोतमीला लोक वेडी म्हणत होते. तथागतांनी तिला वेडी म्हटले नाही, प्रवचनही झोडले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. मृत्यू कोणालाही चुकत नाही, हा या कथेचा अर्थ आपण ऐकतोच. आम्हाला त्यातली दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. मोहरीसाठी गोतमी घरोघर गेली आणि प्रत्येक घराने तिला आपल्या मृत्यूबद्दल सांगितले. जी काल सगळ्यांपासून तुटली होती, तिच्या दुःखाला घराघरातून सोबत मिळाली.

आपल्या काळातही असे घडले आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी गेली. ती जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली. तिची आई आबेदा तडवी आणि रोहितची आई राधिका वेमुला या दोघींनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकत्र सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद रोखण्याची ठोस यंत्रणा हवी. एक गुंटूरची, एक जळगावची. एकीने १४ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, दुसरी मुस्लिम आदिवासी. भाषा वेगळी, धर्म वेगळा, घाव एकच. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाकडे अशा तक्रारींची आकडेवारी मागितली, ती या दोन आयांमुळे. आपल्या मुलांसाठी सुरू झालेला लढा त्यांनी सगळ्यांच्या मुलांसाठी केला. आणि आम्हाला वाटते, एकटी आई जे ओझे वाहू शकली नसती ते दोघी मिळून वाहू शकल्या.

‘हे मानसशास्त्राचे फॅड आहे’

चळवळीतले काही अभ्यासू मित्र यावर आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप हलका नाही. ते म्हणतील, तुम्ही अन्यायाचे रूपांतर आजारात करता आहात. उद्या सरकार म्हणेल, पीडितांना समुपदेशन दिले, काम संपले. आरोपी मोकळा आणि आईच्या हातात झोपेची गोळी.

हा धोका खरा आहे. म्हणूनच मागणीची मांडणी नेमकी हवी. आईला झोप लागत नाही, कारण आरोपी चार घरे सोडून राहतो. तिला गोळीही द्या आणि आरोपीचा जामीनही रद्द करा. समुपदेशन हे न्यायाच्या जागी नको, न्याय मिळेपर्यंत तग धरण्यासाठी हवे. घावाचे कारण जात आहे, हे ठामपणे सांगत राहूनच घावावर मलमपट्टी करता येते. पाय मोडलेल्या कार्यकर्त्याला आपण ‘आधी व्यवस्था बदलू, मग प्लास्टर घालू’ असे सांगत नाही. मनाच्या बाबतीतच आपण असे का वागतो?

कायद्याने काय मान्य केले आहे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी आपल्या अनेक कार्यकर्त्यांच्याही लक्षात आलेली नाही. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या दुरुस्तीने ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या कायद्यात आली. कलम २ मधील या व्याख्येनुसार शारीरिक, मानसिक, मनोवैज्ञानिक, भावनिक, आर्थिक किंवा मालमत्तेची हानी सोसलेली व्यक्ती पीडित आहे, आणि तिचे नातेवाईक, कायदेशीर पालक आणि वारसही पीडितच आहेत. म्हणजे ज्या भावनिक घावाबद्दल आपण बोलतो आहोत, तो संसदेने शब्दाने मान्य केलेला आहे. आपण तो मागत नाही, म्हणून तो कागदावर पडून आहे.

याच दुरुस्तीने आलेले कलम १५-अ प्रत्येक तरुणाने वाचावे. आरोपीच्या जामिनासह न्यायालयातल्या प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क त्यात आहे. जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. संरक्षण, तपास व खटल्याच्या काळातला प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि गरज पडल्यास दुसरीकडे स्थलांतर, हे सगळे त्यात आहे. स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेणे हाही हक्कच आहे. ‘तुम्ही कोण?’ असे ठाण्यात विचारले तर हे कलम दाखवा.

१९९५ च्या नियमांतला नियम ११ त्याहूनही उपयोगाचा. महिला, अल्पवयीन, साठ वर्षांवरील किंवा ४० टक्के अथवा अधिक अपंगत्व असलेल्या पीडितांना तपास किंवा सुनावणीला येताना आपल्या पसंतीची एक व्यक्ती सोबत आणता येते, आणि त्या सोबत्याचाही प्रवास व निर्वाह खर्च सरकारने द्यायचा आहे. कायद्याने आईला कोर्टात एकटीने जायला सांगितलेलेच नाही. ती एकटी जाते, कारण हा नियम तिला कोणी सांगत नाही. कलम १४ नुसार खटला शक्यतो दोन महिन्यांत निकाली निघाला पाहिजे. तो वर्षानुवर्षे चालतो, तेव्हा प्रत्येक वाढीव तारीख हीसुद्धा पीडितावर केलेली हानी आहे, असे अर्जात लिहायला आपण सुरुवात केली पाहिजे.

मग करायचे काय?

यासाठी मोठी संस्था किंवा निधी लागत नाही. वस्तीतला विहार, महिला मंडळ आणि चार-पाच शिकलेली मुले पुरेत.

पहिले, तारखेचा सोबती. खटला संपेपर्यंत प्रत्येक तारखेला त्या कुटुंबासोबत एक ठरलेले माणूस जाईल. पाळी लावा, वहीत लिहा. भाषण करायचे नाही, व्हिडिओ काढायचा नाही. बाकावर शेजारी बसायचे, पाणी द्यायचे, पुढची तारीख लिहून घ्यायची, नियम ११ चा अर्ज भरायचा.

दुसरे, कहाणी एकदाच. कुटुंबाच्या संमतीने घटनेचा सविस्तर जबाब एकदा नीट लिहून ठेवा. पत्रकार, समित्या, पाहुणे यांना तो कागद द्या. आईला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. सभेला बोलवायचे असेल तर आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणाली तर ते उत्तर पूर्ण समजा. फोटोचेही तसेच.

तिसरे, घरातली मुले. ज्याच्या भावाचा किंवा बापाचा खून झाला त्या मुलाची फी, शिकवणी, वसतिगृहाचा प्रवेश हे काम एखाद्या शिक्षकाने किंवा नोकरदाराने अंगावर घ्यावे. त्याच्याशी खटल्याव्यतिरिक्त क्रिकेटबद्दल, परीक्षेबद्दलही कोणीतरी बोलले पाहिजे.

चौथे, जलदान विधी आणि पुण्यानुमोदनानंतरचे दिवस. त्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते. पुढच्या पौर्णिमेला कोणी नसते. महिला मंडळाने वर्षभर दर पौर्णिमेला त्या घरी जाऊन बुद्धवंदना घ्यावी आणि नंतर नुसते बसावे. आई मुलाच्या खोड्या सांगेल, रागावेल, रडेल. तिला थांबवू नये, उपदेश करू नये.

पाचवे, उपचाराची लाज काढून टाकणे. झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात सोबत घेऊन जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क केला आहे. टेली मानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा. आणि तो फक्त पीडितांसाठी आहे असे समजू नका, रात्री-अपरात्री घटनास्थळी धावणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही आहे.

सहावे, मागणीपत्रात बदल. आपल्या निवेदनात अटक, शिक्षा, मदत, नोकरी हे मुद्दे असतातच. त्यात कलम २ मधल्या व्याख्येचा आधार घेऊन कुटुंबातील प्रत्येकासाठी मानसोपचाराची लेखी तरतूद मागा. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिथे हा प्रश्न नाव घेऊन विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

जातीयवादी व्यवस्थेला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. तिला प्रत्येक खटला जिंकावा लागत नाही. फिर्यादी थकेपर्यंत खटला लांबवला की पुरते. बाप झिजून गेला, आईने अंथरूण धरले, भाऊ गाव सोडून पुण्या-मुंबईला गेला की फाईल आपोआप बंद होते. म्हणून फिर्यादीला थकू न देणे, हाच त्या व्यवस्थेला आपला प्रतिकार आहे. खैरलांजी विसरू नका, असे आपण दर २९ सप्टेंबरला म्हणतो. ते म्हणताना भैय्यालाल भोतमांगे यांची ती दहा वर्षेही आठवूया. आज तुमच्या तालुक्यात ज्या घराचा खटला चालू आहे, त्याची पुढची तारीख कोणती, हे आजच विचारून घ्या. त्या तारखेला तिथे जा.

जय भीम! नमो बुद्धाय!